भुऱ्याचा आळस

आमचा कुत्रा आळशी आहे, असं मी जळगावातल्या मेहरूणच्या अर्ध्या वस्तीला सांगून ठेवलं होतं. हसत सांगायचे. तळ्यावर फिरायला येणाऱ्या बायकांना, दूधवाल्याला, माझ्या शिवणक्लासच्या मुलींना, सगळ्यांना. आज त्यातली एखादी बाई भेटली आणि तिने "काय म्हणतो तुमचा आळशी?" असं विचारलं की माझी मान खाली जाते. तो आळशी नव्हता. तो आजारी होता, आणि आजारी असताना मी त्याला पट्टा धरून ओढत होते.

भुऱ्या माझ्या सासऱ्यांचा. ते मूळचे धुळ्याजवळच्या सोनगीरचे, सगळे त्यांना आबा म्हणतात. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना जळगावला आणायचं ठरवलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली, भुऱ्या बरोबर येणार. गावठी कुत्रा, तांबूस रंगाचा, एक कान उभा तर एक लोळलेला. माझा नवरा किशोर म्हणाला, फ्लॅट नाही, घर आहे आपलं, येऊ दे. मी नाक मुरडलं होतं, तेही लिहूनच टाकते.

हे लिहायला बसले त्याचं कारण असं. त्या दिवसांत मी फोनवर फार शोधाशोध केली, पण आपल्या भाषेत, आपल्यासारख्या घरातलं काही वाचायला मिळालं नाही. औषधं आणि त्यांचे डोस तुमचे डॉक्टर सांगतील. मी फक्त आमच्या घरात काय झालं ते सांगते.

तळ्याची फेरी

माझा स्वभाव आधी सांगायला हवा. मला कुणी बसलेलं बघवत नाही. आमच्या माहेरी रावेरकडे केळीच्या बागा, तिथे पोटातलं पोरसुद्धा कामाला लागतं असं आई म्हणायची. "आळशाला गंगा दूर" हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा तरी कुणाला ना कुणाला ऐकवते. किशोर त्यावर म्हणतो, "तुला गंगा जवळ पडते, तूच जाऊन ये."

उन्हाळ्याच्या तोंडाशी भुऱ्या फिरताना मध्येच बसायला लागला. निघताना शेपटी हलवत निघायचा. तळ्याच्या वळणापर्यंत गेलं की मागचे पाय आखडल्यासारखे टाकायचा, आणि मग सरळ रस्त्यात बसायचा. थोडा वेळ बसू दिलं की उठून पुन्हा चालायचा. पुन्हा बसायचा. मला वाटलं, नाटकं आहेत. बसलं की काय, थांबायला मिळतं, हे याला कळलंय! म्हणून मी त्याला बसूच द्यायची नाही. पट्टा ओढायची. एकदा तर त्याचे पाय रस्त्यावर घासत गेले आणि पंज्यावर खरचटलं.

आबा दारात बसून आमची मिरवणूक परत येताना बघायचे. "काबरं वढस व त्याले?" ते म्हणायचे. "थकी गया व्हई तो."

"आबा, तरणाताठा कुत्रा आहे. लाडावून ठेवलाय तुम्ही," मी म्हणायची. सुनेच्या घरात राहणारा माणूस किती बोलणार.

बाकीच्या खुणाही होत्या. भुंकणं बसकं झालं होतं. शेजारी म्हणाले, बरं झालं, शांत झाला. आबा आपल्या ताटातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी त्याला दुधात कुस्करून घालायचे, ती तो गिळायचा आणि थोड्या वेळाने जशीच्या तशी बाहेर टाकायचा. ना ओकारी, ना जोर. नुसती मान खाली केली की भाकरी बाहेर. मी म्हटलं, हावरटासारखं खातो, दुसरं काय. एक एक खूण समोर येत होती आणि मी प्रत्येकीवर त्याच्या स्वभावाचा दोष लिहीत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

पन्हं

जळगावचा वैशाख ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. माणूस, जनावर, कुणीही जरा मलूल दिसलं की आपल्याकडे एकच निदान होतं, ऊन लागलं. आणि उपाय घरोघरी ठरलेले. कांद्याचा रस तळपायाला चोळायचा आणि कैरीचं पन्हं पाजायचं.

त्या दुपारी भुऱ्या मोरीजवळच्या गार फरशीवर पडला होता. मान फरशीला टेकलेली. जबडा सैल, लाळ गळत होती. मी हाक मारली तर नुसते डोळे फिरवले.

आबा वाकून बघत म्हणाले, "त्याले ऊन लागनं. पन्हं कर अन् पाज."

मी लगेच कैऱ्या उकडल्या. गूळ, मीठ, जिरं घालून मोठी वाटी भरून केलं. त्याच्या पंजांना कांदा चोळला. मग मांडी घालून बसले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, एका हाताने तोंड वर केलं आणि दुसऱ्या हाताने वाटी लावली. आमच्या माहेरी वासराला औषध असंच पाजतात. मान वर, घशात धार, की गिळतंच ते.

भुऱ्याने काहीही केलं नाही. तोंड मिटलं नाही, मान हिसडली नाही, पाय झाडले नाहीत. पन्हं आत जात होतं. मी आबांना म्हणालेसुद्धा, "बघा, आवडलं त्याला! कसा गपगुमान पितोय."

हे वाक्य मला अजून ऐकू येतं. तो पीत नव्हता. नको म्हणायला लागतं तेवढंसुद्धा बळ त्याच्या अंगात नव्हतं. मी ओतत होते आणि ते जिथे जायला नको तिथे जात होतं.

संध्याकाळी त्याला खोकला सुरू झाला. सकाळी अंग तापलं, श्वास घरघरायला लागला. जवळच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, छातीला कान लावला आणि विचारलं, "हा ओकतो का? की नुसतं अन्न परत येतं?" मी म्हटलं, त्यात फरक काय? ते म्हणाले, "फार फरक आहे. धुळ्याला एक डॉक्टर मॅडम आहेत, त्यांच्याकडे न्या. आजच न्या."

डॉक्टर मॅडमनी टोचलेली सुई

भाड्याची गाडी केली. मागच्या सीटवर आबा, त्यांच्या मांडीवर भुऱ्या, मी पुढे. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. मी मागे वळून बघायचे ते फक्त पोट हलतंय का एवढंच पाहायला.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, माझ्या क्लासच्या मोठ्या मुलींएवढ्या वाटल्या. त्यांनी आधी त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्याला बोट लावलं. त्याने पापणी मिटली. पुन्हा लावलं, पुन्हा मिटली. असं करत गेल्या तसतशी पापणी अर्धीच मिटायला लागली आणि मग मिटेनाशी झाली. "दमली," त्या स्वतःशीच म्हणाल्या. पापणी दमते हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

छातीचा फोटो काढला, रक्त घेतलं. तपासणीला बाहेर पाठवायचं होतं. मग त्या म्हणाल्या, एक इंजेक्शन देऊन बघते, घाबरू नका, आणि त्याच्याकडे लक्ष ठेवा.

सुई टोचली. आम्ही बघत उभे. थोड्याच वेळात भुऱ्याने डोकं उचललं. मग पुढचे पाय टेकवले. मग उठला! उठून दवाखान्याच्या बोळातून चालत गेला, टोकाला बांधलेल्या एका बकरीला हुंगलं आणि भुंकला. पहिल्यासारखं खणखणीत.

आबांनी दोन्ही हात जोडले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "देख, कसा चालस! बरा व्हई गया!"

मीही हसत होते. डॉक्टर मॅडम हसत नव्हत्या. त्या घड्याळाकडे बघत होत्या. आणि मग बोळाच्या मध्यावर भुऱ्याचे मागचे पाय आधी वाकले, मग पुढचे, आणि तो होता तसा खाली बसला. तळ्याच्या वळणावर बसायचा तसाच, अगदी तसाच.

"हा बरा झालेला नाही," त्या म्हणाल्या. "काय झालंय ते फक्त कळलं. नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचत नाही त्याच्या. आरामानंतर थोडा पोचतो, मग संपतो. अन्ननलिकेचंही तेच, ती सैल पडलीय, म्हणून खाल्लेलं परत येतं. त्याला उठायचं असतं हो. मनात उठलेलाच असतो तो. अंग ऐकत नाही."

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. तेव्हा मला ते धड म्हणताही आलं नाही. माझ्या डोक्यात फक्त पट्टा होता, आणि तो ओढणारा माझा हात.

मग त्यांनी फुप्फुसाचा फोटो उजेडाला धरला. "इथे हे पांढरं दिसतंय ना? काहीतरी श्वासनलिकेत गेलंय. काय पाजलं होतं?"

"पन्हं," मी म्हटलं.

"कुणी?"

आबा खाली बघत होते. "मी," मी म्हटलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त कांदाही कुत्र्याला चालत नाही, चोळला तर तो चाटतो, एवढं सांगितलं आणि भरती करून घेतलं.

सोनगीरहून रोज

आम्ही सोनगीरला आबांच्या घरी उतरलो. रोज सकाळी एसटीने धुळ्याला जायचं, दिवसभर दवाखान्यात बसायचं, संध्याकाळी परत. जळगावला किशोर एकटा. क्लास बंद. मुलींच्या लग्नसराईच्या ब्लाउजांचा ढीग तसाच पडला होता आणि त्यांचे फोन यायचे.

गावात लोक विचारायचे. एक म्हातारी ओट्यावरूनच म्हणाली, "कुत्राकरता इतलं? मानूसले बी कोनी करत नही." तिचं काही चुकलं नव्हतं. सासूबाई आजारी होत्या तेव्हा मी इतके दिवस सलग इथे राहिले नव्हते. क्लास आहे, किशोरचं जेवण आहे, असं म्हणून चार दिवसांत परत जायची. त्या म्हातारीला ते माहीत होतं आणि मलाही.

दवाखान्यात आमचं काम एवढंच. भुऱ्याला या कुशीवरून त्या कुशीवर करायचं, त्याच्या छातीवर ओंजळ करून हलके थोपटायचं म्हणजे आतला कफ सुटतो, आणि नळीने अन्न देताना त्याला उभं धरायचं. पंखा खोलीच्या एकाच कोपऱ्यात होता. तिथे एक बाई आपली बकरी घेऊन बसली होती. तीच ती, जिला भुऱ्याने पहिल्या दिवशी हुंगलं होतं. आम्हाला बघून तिने बकरी ओढून घेतली. "या ताई, आठे बसा, आठे पंखा शे. मनी बकरीले ऊनमा ऱ्हावानी सवय शे." तिने नंतर मला तिच्या डब्यातली मिरचीची भाजीही दिली. तिचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं.

आबा माझ्याशी बोलत नव्हते. म्हणजे चहा घे, बस आली, एवढं बोलायचे, बाकी काही नाही. माझं मन मला सांगत होतं, ते तुला दोष देतात आणि बरोबरच देतात.

एका दुपारी भुऱ्याचा श्वास फारच उथळ झाला. किशोरचा फोन आला. तो हळूच म्हणाला, "सुनीता, त्याचे कशाला हाल हाल करायचे? विचार ना डॉक्टरांना, त्याला शांतपणे जाऊ देता येईल का." मी त्याच्यावर चिडले, फोन ठेवला. आणि मग आबा चहाला बाहेर गेल्याचं बघून डॉक्टर मॅडमना तेच विचारलं. भुऱ्याच्या काळजीने विचारलं असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. तो संपला असता तर माझी चूकही नजरेसमोरून गेली असती, असं कुठेतरी वाटत होतं.

त्या म्हणाल्या, "विचारलंत यात वाईट काही नाही. पण आज तुम्ही दमलाय. दमल्यावर ठरवू नका. दोन दिवस बघू." दोन दिवसांत ताप उतरला. मी जे विचारलं होतं ते आबांना आजपर्यंत सांगितलेलं नाही. ते वाचत नाहीत, तरी हे लिहिताना दार लोटून घेतलंय.

कॅरेट

घरी आणताना डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं, याने यापुढे आडवं काही खायचं नाही. उभं राहूनच खायचं, आणि खाल्ल्यावरही बराच वेळ उभंच राहायचं, म्हणजे अन्न आपल्या वजनाने पोटात उतरेल. गोळी जेवणाच्या आधी, तिचा अंमल असताना जेवण. पाणीसुद्धा पातळ नाही, पेजेसारखं दाट करून.

आता कुत्र्याला उभं कसं करायचं? माझ्या भावाने केळी भरायची दोन प्लास्टिकची कॅरेट पाठवून दिली. आबांनी एकाचा तळ कापून ती एकावर एक बांधली, समोरची बाजू मोकळी केली. मी आतून क्लासच्या चिंध्यांच्या गाद्या शिवल्या. त्यात भुऱ्याला मागच्या पायांवर बसवलं की तो बाळासारखा उभा राहायचा, पुढचे पाय काठावर. मऊ खिचडी, उकडलेलं अंडं, सगळं वाटून त्याच्या छोट्या गोळ्या करून तोंडात ठेवायच्या. मग मी कॅरेटला टेकून बसायची आणि त्याचं डोकं माझ्या खांद्यावर.

लोकांना वाटायचं, काय प्रेम आहे! शेजारणीने फोटोही काढला. मला तो फोटो बघवत नाही. प्रत्येक घासाला मला तीच भीती वाटायची. तो तोंड उघडायचा, किंवा खरं म्हणजे त्याचं तोंड उघडं असायचं, आणि मी आत काहीही ठेवलं असतं तरी त्याने ठेवू दिलं असतं. माझ्या खांद्यावर तो डोकं टाकायचा, त्याला मी विश्वास म्हणू की नाइलाज, हे मला ठरवता येत नव्हतं. म्हणून मी वेड्यासारखी त्याला विचारायची, "देऊ का रे? हवंय का?" किशोर हसायचा नाही, हे त्याचे उपकार.

आबांचं बोलणं

एक दिवस कॅरेटपाशी आम्ही दोघंच होतो. आबा भुऱ्याची पाठ चोळत होते. एकदम म्हणाले, "पाज म्हनीसन मीच सांगं व्हतं ना तुले. तुना काय दोस? आठ वरीस ढोरं राखी मी, माले समजाले नको?"

तेव्हा मला कळलं की ते इतके दिवस का गप्प होते. मला दोष देत नव्हते, स्वतःला देत होते. दवाखान्यात मी "मी" म्हटलं तेव्हा आपण का बोललो नाही, हे त्यांच्या मनाला खात होतं.

मी म्हटलं, "आबा, तुम्ही नुसतं पाज म्हणालात. तोंड मी धरलं होतं."

"तू भलं करवा गयी."

"रस्त्यात ओढत होते ते काय भलं करायला?"

त्यांनी खोटी समजूत घातली नाही, भुऱ्याची पाठ चोळत राहिले, आणि मला ते आवडलं. ते खोटं बोलले असते तर मी त्यांच्याजवळ पुन्हा कधी मन उघडं केलं नसतं. आम्ही दोघं भुऱ्याच्या दोन बाजूंना बसून राहिलो. अपराध वाटून घेतला की हलका होतो असं म्हणतात. आमचा झाला नाही, पण एकटेपणा गेला.

तुमच्या घरी असं जनावर असेल तर माझं एवढंच ऐका. ते रस्त्यात बसलं तर तुम्हीही त्याच्याजवळ बसा. घाई असली तरी बसा. आणि त्याने पडल्या जागी निमूट काही घेतलं, तर त्याला ते आवडलं असं समजू नका.

वाटी

पावसाळा कॅरेटमध्ये गेला. दसऱ्याच्या सुमारास डॉक्टर मॅडमनी औषधाची गोळी थोडी कमी केली. हा आजार काही कुत्र्यांना आपोआप सोडून जातो, काहींना नाही, आशा ठेवा पण हात सैल सोडू नका, असं त्यांनी सांगितलं होतं. भुऱ्या अंगणात चकरा मारायला लागला. मध्येच बसायचा. मी बाजूला बसायची.

दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळचं जेवण चाललं होतं. भुऱ्या कॅरेटमध्ये, मी समोर खिचडीच्या गोळ्यांची वाटी घेऊन. दोन गोळ्या त्याने घेतल्या. तिसरी पुढे केली तर त्याचं तोंड बंद. मला वाटलं, जबडा दमला. आता सवयच झालेली, म्हणून मी ओठाच्या कडेने बोट घालून तोंड उघडायला गेले.

ते उघडेना. दात दातावर घट्ट बसलेले. मी जरा जोर केला आणि त्याच्या छातीतून आवाज आला. खोल, जाडसर, माझ्या बोटाला जाणवेल असा. ओठ वर गेले. उन्हाळ्यापासून तो कुणावर गुरगुरला नव्हता.

"हात काढ आधी!" आबा ओरडत आले. "चावी लेई तो!"

मी हात काढला. भुऱ्याने मान फिरवून भिंतीकडे तोंड केलं, स्वतःच्या बळावर, आणि मान तशीच ताठ धरून ठेवली. मला रडू फुटलं. आबांना वाटलं, चावला. ते माझा हात उलटापालटा करून बघायला लागले.

"चावला नाही, आबा," मी म्हटलं. "त्याला खिचडी नकोय."

मग मी वाटी खाली ठेवली, थोडी मागे सरकले आणि भुऱ्याला म्हटलं, "बरं. नको तर नको."